बुवांच्या खुर्चीवर दस्ती

मी एकदा एका मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर दस्ती टाकून जागा धरली होती.

दस्ती म्हणजे हातरुमाल. आमच्या मोताळ्याकडचा माणूस घरातून निघताना चष्मा विसरेल, छत्री विसरेल, एखादवेळी बायकोही विसरेल, पण दस्ती विसरणार नाही. कारण दस्ती नाक पुसायला नसतेच, ती असते जागा धरायला! एसटी फलाटाला लागते न लागते तोच धावत जायचं, खिडकीतून दस्ती आत भिरकवायची, की ती जागा आपली. मग खुशाल सगळ्यांच्या शेवटी चढावं. दुसऱ्याच्या दस्तीवर कोणी बसत नाही. (बसलाच, तर उतरेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.) लग्नाची पंगत असो, पुढाऱ्याची सभा असो, सगळीकडे हाच कायदा चालतो. आणि या कायद्यातला मी मोठा वकील आहे, अशी माझी त्या दिवसापर्यंत समजूत होती.

घाट चढून बुलढाण्याला गेलं, की गावाबाहेर शास्त्रीय संगीताचं एक सभागृह लागतं. एका मोठ्या गवयाच्या शिष्यांनी ते गुरूसाठी बांधलं. त्या गवयाला सगळे नुसतं 'बुवा' म्हणायचे. इमारतीला रंग लागायच्या आतच बुवा वारले. तिथं एरवी तिकीट काढून जावं लागतं, आणि पदरचे पैसे खर्चून आलाप ऐकावेत इतकं आमच्या खानदानात कोणी बिघडलेलं नव्हतं. पण परवाच्या श्रावणात त्यांनी 'मुक्तद्वार दिवस' जाहीर केला. या, सभागृह बघा, वाद्यांना हात लावा, आणि मनात असेल त्यानं मंचावर बसून थोडं गा. सगळं फुकट!

मी ही बातमी घरात वाचून दाखवली ती थट्टा म्हणून. त्या वेळी माझी कमलआत्या जानेफळहून आमच्याकडे आलेली होती. सत्तरी ओलांडलेली, हाडकुळी बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. ती भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"विलास, मले नेतं का रे तथी?"

"तथी काय आहे आत्या? दोन दोन घंटे आ-आ-आ करतात नुसते."

"मले नोको सांगू काय करतात तं. मी शिकेल आहे बुवाजवळ."

माझी बायको सुनंदा पोळी लाटता लाटता बाहेर आली. (ती लग्नाआधी पेटी शिकली होती, दोन-तीन परीक्षाही दिल्या होत्या. पेटी माहेरीच राहिली आणि मी तिच्या वाट्याला आलो.) आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. मग आत्यानं सांगितलं. ती परकरी पोर असताना बुवा जानेफळच्या देवळात काही दिवस मुक्कामाला होते. तिचा आवाज ऐकून त्यांनी तिला भूप रागातली एक चीज शिकवायला घेतली. पहिला भाग म्हणजे स्थायी, ती शिकवून झाली. दुसरा भाग म्हणजे अंतरा. "अंतरा उद्या सांगतो," म्हणाले, आणि रात्रीतून निरोप आला म्हणून पहाटेच निघून गेले. त्यानंतर आत्याचं गावातल्या गावातच लग्न झालं. सासरी गाणारी सून म्हणजे तोबा तोबा! त्यामुळे उभा जन्म ती अर्धी चीज आत्यानं गोठ्यात म्हशींना ऐकवली.

"म्हशीले काय समजते अर्धी हाये का पुरी हाये," आत्या म्हणाली. "मले समजते नं पण. एक डाव तथी बसून बुवापुढं म्हणतो. मंग डोळे गेले तरी चालते."

"अवं आत्या, बुवा तं वारले!"

"मंग? आईकतीन तं," आत्या म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडू लागली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तो मी पंख्याच्या नावावर ढकलला. पण आत्यानं आजवर आमच्याकडे साधी साडीचोळीही मागितलेली नव्हती. तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि ते मला द्यायचंच होतं. "काळजी करू नोको," मी छाती फुगवून म्हणालो, "एकदम पुढची जागा धरून देतो तुले."

त्या दिवशी घाटात असं धुकं होतं, की ड्रायव्हर डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. मला सडकून सर्दी झाली होती. दस्ती घाटातच भिजून चिंब झाली. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.) सभागृहापाशी पोचलो तर ही गर्दी! जळगाव जामोदहून लोक डबे बांधून आले होते. यातल्या बहुतेकांना भूप आणि भोपळा यातला फरक सांगता आला नसता, पण फुकट ते फुकट. दारात व्यवस्थापक वानखडे सर बॅटरीवरच्या माईकवर बोलत होते, "आपलं सभागृह असं आहे, की मंचावर सुई पडली तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाते!"

रांग पाहून आत्याचा चेहरा उतरला. "भेटते का रे जागा?"

"तू ऱ्हाय उभी सुनंदाजवळ, गाण्याले नाव देऊन ठेवा. मी आलोच."

एसटीत गर्दी असली की जाणकार माणूस ड्रायव्हरच्या दारानं चढतो. मी इमारतीला वळसा घातला. मागे कलाकारांच्या खोलीची खिडकी उघडी होती, कंबरेएवढी उंच. टाकला पाय! खोलीतून एक जाड दार सभागृहात उघडत होतं. मी आत गेलो आणि ते दार माझ्या पाठीमागे आपोआप लागलं. आवाजसुद्धा झाला नाही.

आत खिडकी नव्हतीच. मंचावर बुवांच्या तसबिरीपुढे एक समई तेवढी जळत होती. बाहेर एवढी गर्दी, पण आत तिचा हूं की चूं नाही. खाली जाड गालिचा, माझी पावलंही मला ऐकू येईनात. ऐकू येत होता तो श्वास. मी श्वास घेतला, की कोणीतरी माझ्या मानेपाशी तो सावकाश सोडायचं. मी थांबलो, तेही थांबलं.

"कोणी आहे काय?" मी विचारलं.

"...काय?" मंचाच्या बाजूनं कोणीतरी हलकेच म्हणालं.

सुई पडल्याचं ऐकू येतं म्हणाले होते, ते सभागृह हेच, असं मी मनाला समजावलं. मी घाईघाईनं पहिल्या रांगेत गेलो. पेपर एका खुर्चीवर, पिशवी दुसऱ्या खुर्चीवर. आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या, मंचाला अगदी लागून असलेल्या खुर्चीकडे वळतो तो काय! तिच्यावर कोणीतरी आधीच शाल टाकून जागा धरलेली!

खरं सांगतो, तिथं माझी भीती पळाली. एवढ्या लवकर येऊन, खिडकीतून घुसून, माझ्याही आधी जागा धरणारा हा हरामखोर कोण? कायद्यानं आधीची शाल मोठी, हे मला कबूल. पण मालक हजर नसेल आणि अंधारात कोणी पाहत नसेल, तर कायद्यात पोटकलम काढता येतं. मी शाल खुर्चीच्या पाठीवर सारली, माझी ओली दस्ती बैठकीवर टाकली आणि शालवाला आलाच तर भांडता यावं म्हणून स्वतःच वर बसलो.

खुर्ची कोमट होती.

आताच कोणीतरी उठून गेलं असावं, इतकी कोमट. मी उठावं की बसावं या विचारात असतानाच मला जोराची शिंक आली. आणि मंचावर ठेवलेला तानपुरा, ज्याच्या जवळ चिटपाखरूही नव्हतं, तो वाजला. झंकार उठला आणि कितीतरी वेळ तसाच अंधारात फिरत राहिला. (आवाजानं तारा आपोआप झंकारतात, असं सुनंदा नंतर म्हणाली. नंतर!)

तेवढ्यात मागचे दरवाजे उघडले. लोक येऊ लागले आणि त्यांच्यापुढे वानखडे सरांचा माईक, "या, सावकाश या. समोर कोपऱ्यात दिसते ती बुवांची खुर्ची! बुवांना इथं बसता आलं नाही, म्हणून शिष्यांनी ती कायमची राखून ठेवली. वरची शाल बुवांचीच आहे. आजवर त्या खुर्चीवर कोणी बसलेलं नाही. फक्त एक वायरमन चुकून टेकला होता..."

"मंग?" कोणीतरी विचारलं.

"गाव सोडून गेला," वानखडे सर म्हणाले.

आता उठून पळावं तर सगळ्यांसमोर बदनामी. घरचे लोक इथंच, आत्याचं गाणं व्हायचं, आणि तिचा भाचा बुवांच्या खुर्चीवरून हाकलला जाणार! त्या घटकेला मला फक्त एक गोष्ट सुचली. खुर्चीवर शाल असते ना? मग शाल दिसली म्हणजे झालं. मी डोक्यापासून गुडघ्यापर्यंत शाल ओढून घेतली आणि खुर्ची झालो.

"अरे, लाईट लावा!" वानखडे सर ओरडले.

"सर, लाईन गेली!"

"जनरेटर?"

"त्यात डिझेल कोणी टाकेलच नाई!"

अशा रीतीनं सगळा कार्यक्रम एका समईवर सुरू झाला. लोक चाचपडत बसले. माझ्या पेपरला आणि पिशवीला कोणी हात लावला नाही. (कायदा म्हणजे कायदा!) त्यामुळे माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या आणि मी त्या कोपऱ्यात एकटा. शालीला डांबराच्या गोळ्यांचा उग्र वास होता आणि कसरीनं एक भोक पाडलेलं होतं. त्या भोकातून मी पाहत होतो. वानखडे सर मंचावर आले, त्यांची नजर खुर्चीकडे गेली आणि तिथंच अडकली. बिचाऱ्यांनी सकाळी शाल घडी मारून ठेवली असणार. आता ती चांगली माणसाच्या उंचीची झाली होती.

"आज प्रथम... ज्येष्ठ... कमलाबाई..." एवढं बोलून ते समईपासून लांब झाले.

सुनंदानं आत्याला हाताला धरून मंचावर बसवलं आणि ती खाली गेली. मागे एका विद्यार्थिनीनं तानपुरा छेडला. आत्यानं पदर सावरला, मान वर केली आणि माझ्या दिशेनं पाहिलं. समईचा मिणमिणता उजेड, तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. तिला काय दिसलं असेल? शाल पांघरून पुढ्यात बसलेला माणूस! तिनं जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला.

"आलो मी, बुवा," ती म्हणाली, आणि गायला लागली.

मला गाण्यातलं कळत नाही. पण शेंगा फोडणारी, माझ्या पोरांचे लंगोट धुणारी माझी आत्या ती ही नव्हती. तो आवाज म्हातारा नव्हता. मऊ, सरळ, एखाद्या पोरीचा असावा तसा त्या अंधारात चढत गेला, आणि एवढी फुकटी गर्दी, पण खोकलासुद्धा कोणी खोकलं नाही. हे सगळं आम्ही इतकी वर्षं म्हशींना ऐकू दिलं, या विचारानं मला शालीतल्या शालीत रडू फुटलं. वर सर्दी. नाक पुसायला दस्ती हवी, तर दस्ती बुडाखाली!

स्थायी संपली. आत्या थांबली. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शाळकरी मुलीच्या आवाजात विचारलं, "बुवा, अंतरा?"

आख्खं सभागृह खुर्चीकडे वळलं. मी श्वास रोखला. रडं रोखलं. पण अंग थरथरायचं थांबेना.

"शाल हालून राह्यली बे!" मागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं.

"चूप ऱ्हाय! हवेनं हालत असन!"

"पंखे बंद हायेत नं बे!"

आत्या तशीच वाट बघत बसलेली. उभा जन्म वाट पाहिलेली बाई ती. तिला काहीच उत्तर न देणं माझ्याच्यानं झालं नाही. चोंदलेल्या नाकानं, मला जे एक गाण्यातलं येतं ते मी बोलून गेलो.

"वाह."

मी हळूच बोललो होतो हो! पण सुई पडलेली ऐकू येणारं सभागृह ते. ती 'वाह' छताला गेली, भिंतींवरून उतरली आणि प्रत्येकाच्या कानात जाऊन बसली. मग माईक खाली पडला आणि पाठोपाठ "माय वं!" "बुवा आले!" "सोड बे, मले जाऊ दे पहिले!" यांचा असा कल्लोळ उठला, की जागा धरण्यासाठी जे लोक तासभर भांडले होते, त्यांनी ती क्षणात सोडली. सगळ्यात पुढे वानखडे सर होते. तानपुरावाली मुलगी तानपुरा टाकून पळाली. सुनंदा लोंढ्याबरोबर बाहेर वाहून गेली, तिची एक चप्पल आत राहिली.

सभागृहात उरलो मी आणि आत्या.

ती उठली नाही. मान एका बाजूला कलती करून ती ऐकत होती. मधूनच मान हलवी, मांडीवर बोटांनी ताल धरी. मी शालीतून कान देऊन ऐकलं. पडलेल्या तानपुऱ्याची ती गुणगुण सोडली तर मला काहीसुद्धा ऐकू आलं नाही. आणि आत्याचे डोळे माझ्याकडे नव्हतेच! ते माझ्या खुर्चीच्या किंचित डावीकडे, जिथं मी पेपर ठेवला होता, तिथं लागले होते.

"हाव, बुवा," आत्या हळूच म्हणाली. "आता नाई विसरत."

मी मान वळवून डावीकडे बघितलं का? नाही. मी शाल टाकली आणि गालिच्यावरून रांगत, पेपर, पिशवी, दस्ती, सगळं तिथंच सोडून, आलो त्या खिडकीतून बाहेर उडी मारली.

वळसा घालून पुढे आलो तर सुनंदा एका चपलेवर उभी. "कुठं होते तुमी?"

"चहा प्यायला गेलतो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मग ज्याला त्याला मला गोष्ट सांगायची होती. बुवा उभे राहिले होते. नाही, बुवा तरंगत होते. बुवांचे डोळे निखाऱ्यासारखे होते. मी भूतबित मानत नाही हे मोताळ्यात सर्वांना ठाऊक, म्हणून एकानं मला मुद्दाम धरलं, "काय साहेब, आता बोला! आत असते तं समजलं असतं तुमाले!" मी 'हो' म्हणालो. एवढ्यात आत्या एकटीच पदर सावरत पायऱ्या उतरून आली आणि तिनं विचारलं, "चहा भेटते का रे कुठं?"

शेवटी वानखडे सर चार दांडगी माणसं घेऊन आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं, ताटात फुलं आणि फुलांच्या मधोमध माझी दस्ती. "खुर्चीवर मिळाली," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "ओली आहे! बुवांचे आनंदाश्रू!" लोक रांगेनं पुढे येऊन ती दस्ती डोळ्यांना लावू लागले. माझ्या घाटभरच्या सर्दीचा प्रसाद जळगाव जामोदपर्यंत गेला! त्या दस्तीला हिरव्या दोऱ्याची किनार होती, ती सुनंदानं स्वतः घातली होती. ताट तिच्यापुढे आलं. तिनं दस्तीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझ्या केसांतले शालीचे धागे पाहिले. मग हात जोडले आणि ताट पुढे जाऊ दिलं.

परतीच्या एसटीत आत्या खिडकीपाशी बसली. धुकं पुन्हा दाटून आलं होतं. सुनंदा माझ्या कानाशी लागली, "लाज नाई वाटत? म्हाताऱ्या जिवाले फसवलं तुमी!"

तेवढ्यात आत्या गुणगुणू लागली. तीच चीज. स्थायी संपली आणि ती थांबली नाही. सूर वर चढला, नवे शब्द आले, आणि फिरून सुरुवातीच्या ओळीवर येऊन अलगद टेकला. सुनंदाची बोटं माझ्या दंडात रुतली.

"हा अंतरा आहे," ती म्हणाली. "बरोब्बर बसून राह्यला."

"आत्या," मी विचारलं, "हे कुठून आलं?"

"कुठून म्हंजे? उद्या सांगतो म्हणले होते नं बुवा. आज सांगतला."

"सगळ्यांनी तं नुसतं 'वाह' ऐकलं, आत्या."

"हट्! थे कायचे बुवा?" आत्या म्हणाली. "थे तं कोणीतरी बकऱ्यावानी खाकरलं पहिले. बुवा मंग बोलले. त्याच्या बाजूले बसेल होते नं."

त्यानंतर घाट उतरेपर्यंत आम्ही दोघं एकमेकांना घट्ट धरून बसलो होतो. इतकं जवळ आम्ही लग्नाच्या वरातीतही बसलो नव्हतो. आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, ती जानेफळला परत गेली, आणि आता दुपारी गावातल्या पोरींना गोळा करून ती चीज शिकवते, पुरी.

दस्ती मात्र तिथंच आहे. धुऊन, इस्त्री करून, बुवांच्या खुर्चीवर ठेवली आहे म्हणतात, रोज तिच्यावर ताजं फूल वाहतात. तिच्यावर कोणी बसायची हिंमत करत नाही. म्हणजे कायद्यानं ती जागा पक्की माझ्या नावावर धरलेली आहे, बुवांच्या अगदी शेजारची. फक्त कोणी विचारलंच, तर कृपा करून सांगा, की गाडी सुटली तरी चालेल, मालकाला बसायची काही घाई नाही!